पाहुणे गेल्यावरचं घर

(मंडळाच्या तिळगूळ समारंभात जानेवारीत केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून दिलं आहे.)



हळदीकुंकू आणि तिळगूळ यांच्या मधल्या वेळात ज्याला बोलायला उभं करतात, त्यानं थोडक्यात आटपावं हे मला माहीत आहे. विषय मला वहिनींनी दिला: ‘सणासुदीनंतर कमी खर्चात घर सजवणं’. माझी निवड करताना माझा सिव्हिलचा डिप्लोमा पाहिला असावा. माझ्या सौंदर्यदृष्टीबद्दल आमच्या घरात वेगळं मत आहे.

आपल्या रामनगरात जानेवारी कसा येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळी होते, तुळशीचं लग्न होतं. मग नाताळच्या आठवड्यात अनमोड घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि त्यातली एखादी आपल्या दारात थांबते. पुण्याचा मावसभाऊ, बेळगावची आत्या. गोव्याला जाता जाता दोन दिवस, येता येता एक दिवस. सतरंज्या निघतात, खुर्च्या शेजारून येतात. मग एका सकाळी सगळे निघून जातात आणि आपण पडवीत उभे राहून घराकडे पाहतो. आकाशकंदिलाच्या शेपट्या फिक्या झालेल्या, भिंतीला पाठ टेकून बसलेल्यांच्या तेलाचे डाग, उंबऱ्यापाशी पोपडे. घर उतरल्यासारखं दिसतं. तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘चवथीला रंग काढायचाच.’

माझं सगळं भाषण या एका वाक्याच्या विरोधात आहे.

चवथ येते भाद्रपदात. त्याआधी तीन महिने आपल्याकडे पाऊस कोसळलेला असतो. आपण घाटमाथ्यावरची माणसं. कॅसलरॉकचा पाऊस आपल्याला वेगळा सांगायला नको. आपली घरं बहुतेक चिऱ्याची. चिरा हा दगड सच्छिद्र असतो, तो पाणी पितो आणि सावकाश सोडतो. श्रावणात तुम्ही भिंतीला हात लावला तर वरून कोरडी वाटेल, पण आत ती भिजलेलीच असते. त्या भिंतीवर आपण घाईघाईनं पुट्टी भरतो, त्यावर प्रायमर, त्यावर चकचकीत प्लास्टिक पेंट. आतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं. वाट मिळत नाही म्हणून ते रंगालाच ढकलतं. दिवाळीला फोड, नाताळला पोपडे. आणि हा रंग बहुतेक घरांत उसनवारीवर काढलेला असतो, कारण चवथीला मूर्ती, माटोळी, फटाके, मुलांचे कपडे, सगळा खर्च एकदमच येतो. रंग सुटलेला असतो आणि हप्ता चालूच असतो. सोसायटीत कुणी कशासाठी कर्ज काढलं हे इथे सांगणं बरं नाही, पण गेल्या काही वर्षांत ‘घराचा रंग’ हे कारण मी जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा ‘मुलीचं लग्न’ ऐकलं नाही.

आता जानेवारीत बघा. हवा कोरडी. भिंतींनी पावसाचं बरंचसं पाणी सोडून दिलेलं. गवंडी, पेंटर मोकळे, निदान चवथीपेक्षा तरी मोकळे. दिवस मोठे होत चालले. कुणी यायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. म्हणजे काम सावकाश, एकेक खोली घेऊन, आपल्या हातानं करता येतं.

सुरुवात रंगानं करू नका. आधी भिंतीला विचारा. एक हातभर प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडांनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले, तर ओल भिंतीतून येते आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील, तर ओल खोलीतल्या हवेची, चुलीच्या किंवा वाळत घातलेल्या कपड्यांच्या वाफेची आहे. पहिल्या प्रकाराला बाहेर जाऊन उपाय करायचा. फुटलेलं कौल, पन्हळीतून भिंतीवर उडणारं पाणी, जोत्याला टेकून ठेवलेला मातीचा ढीग, न्हाणीघराचा मोरीकडचा कोपरा. दुसऱ्या प्रकाराला खिडकी उघडणं पुरतं. या तपासणीला पैसा लागत नाही आणि ती केल्याशिवाय काढलेला रंग म्हणजे ताप न बघता दिलेली गोळी.

भिंतीवर पांढरी पूड फुलते ना, ज्याला आपण लोणा लागला म्हणतो, ते क्षार असतात. पाणी भिंतीतून बाहेर येताना ते विरघळवून आणतं आणि स्वतः उडून जातं. हा लोणा पाण्यानं धुवायचा नाही. धुतलात तर क्षार पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडायचा, खाली कागद पसरून पूड गोळा करायची आणि बाहेर टाकायची.

जुना तैलरंग खरवडणार असाल तर एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगतो. २०१७ च्या नोव्हेंबरपासून आपल्या देशात घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये असा नियम लागू झाला. त्याआधीच्या दारा-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा पॉलिशपेपर घासलात की ती धूळ घरभर होते आणि रांगणारं मूल ती बोटांनी तोंडात घालतं. पाणी मारून, ओलं ठेवून खरवडा. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी शेजारी पाठवा. नंतर ओल्या फडक्यानं पुसून घ्या. झाडू नका.

आता चुन्याकडे येतो. ‘चुना लावणे’ या वाक्प्रचारानं बिचाऱ्या चुन्याची फार बदनामी केली आहे. माझ्या मते आपल्या चिऱ्याच्या आणि मातीच्या भिंतींना चुन्यासारखा सोबती नाही. चुना भिंतीचा श्वास बंद करत नाही. आतली ओल त्यातून बाहेर जाते. तो तीव्र अल्कली असल्यामुळे बुरशी त्यावर सहजी धरत नाही. आणि तो नुसता वाळत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो. ज्या चुनखडीपासून तो भाजून काढला, तीच चुनखडी भिंतीवर पातळ थरानं परत तयार होते. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी हे शिकलो तेव्हा मला ती जादूच वाटली होती, अजून वाटते.

कृती सरकारी बांधकामाच्या स्पेसिफिकेशनच्या पुस्तकात आहे आणि ती कुणालाही जमेल. चुनकळी घ्या, म्हणजे न विझवलेला चुना. एका किलोला अंदाजे पाच लिटर पाणी. चुनकळी विझताना पाणी उकळतं, फसफसतं, म्हणून पत्र्याचा जुना डबा किंवा लोखंडी भांडं वापरा. प्लास्टिकची बादली नको, आणि ॲल्युमिनियमचं पातेलं तर मुळीच नको, चुना ते खातो. डोळ्यांना चष्मा, हाताला मोजे. पोरांना लांब ठेवा. २४ तास तसंच राहू द्या. मग जाडसर फडक्यातून गाळा. दहा लिटर गाळलेल्या चुन्याला ४० ग्रॅम डिंक, गरम पाण्यात विरघळवून. डिंकामुळे चुना हाताला लागत नाही. जे लोक चुन्याला नावं ठेवतात की कपड्यांना पांढरं लागतं, त्यांच्या पेंटरनं डिंक वाचवलेला असतो. शेवटी नीळ, चुन्याच्या किलोमागे फार तर तीन ग्रॅम. जास्त घातलीत तर घराचा दवाखाना होतो.

भिंत आधी पाणी शिंपडून दमट करा, कारण कोरडी भिंत चुन्यातलं पाणी पटकन ओढून घेते आणि मग त्याची पूड होते. पहिला हात उभा, वरून खाली आणि खालून वर. तो वाळायच्या आत त्यावरच आडवा. हा झाला एक थर. तो पूर्ण वाळला की दुसरा. ओला असताना चुना पारदर्शक दिसतो आणि माणूस घाबरून आणखी जाड फासतो. तसं करू नका, वाळल्यावर तो उजळतो. पातळ तीन थर हे एका जाड थरापेक्षा केव्हाही चांगले. आणि ज्या भिंतीवर आधीच प्लास्टिक पेंट किंवा तैलरंग आहे तिथे चुना धरणार नाही. तो थर पूर्ण निघणार असेल तरच या वाटेला जा. नसेल तर त्या खोलीचा नाद सोडा आणि पुढे मी पडद्यांबद्दल बोलतो ते ऐका.

पांढऱ्याचा कंटाळा येत असेल तर चुन्यात मातीचे रंग चालतात. लाल काव, पिवळी माती. कपड्यांचे रंग घालू नका, चुना ते दोन महिन्यांत खाऊन टाकतो. गोव्यात, कोकणात आणि आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर देवळांच्या नि जुन्या घरांच्या भिंतींवर कावी नावाची कला होती. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असताना टोकदार सळईनं खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. वेली, पक्षी, देव, सगळं दोन रंगांत. होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत यांनी गावोगाव हिंडून या कलेची नोंद केली, नाहीतर आपल्याला तिचं नावही कळलं नसतं. आपल्याला देवळाएवढं काम करायचं नाही. पण पडवीच्या भिंतीला गुडघाभर उंचीचा कावेचा पट्टा ओढा. पावसात उडणाऱ्या तांबड्या चिखलाचे शिंतोडे त्यावर दिसत नाहीत. जुन्या माणसांनी तो पट्टा उगाच ओढला नव्हता. मुलांच्या हातात बोथट खिळा द्या आणि पट्ट्याच्या वरच्या कडेला ओल्या कावेत नक्षी काढायला सांगा. वाकडी येऊ दे.

इथे जरा थांबून एक वेगळी गोष्ट बोलतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातली आहे.

आपलं रामनगर वसलं ते काळी नदीवरच्या सुपा धरणामुळे उठलेल्या माणसांचं. १९८७ साली धरण पुरं झालं. ज्या गावावरून आपल्या तालुक्याला सुपा म्हणत, ते गावच पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं नाव जोयडा झालं. मी तेव्हा लहान होतो. आमच्या वडिलांनी सुप्याच्या घराची सागवानी चौकट उतरवून आणली आणि इथल्या घराला बसवली. ती या दाराला दोन बोटं मोठी होती, म्हणून वरची भिंत थोडी तोडावी लागली. पण त्यानंतर वडिलांनी या घराला हौसेनं काही केलं नाही. खिळा ठोकायचा तर म्हणायचे, ‘कशाला? हे आपलं घर नव्हे, हे मिळालेलं.’ कॅलेंडर खिडकीच्या गजाला टांगलेलं असे. भिंतीवर एक फोटो नव्हता. आई दर वर्षी अंगण सारवायची, पण ओसरीवर रांगोळीचा ठसा उमटवायची नाही. ती नेहमी पुसता येईल अशीच काढायची.

आमच्या आळीतल्या अनेक घरांत हे होतं. माणसं वीस-तीस वर्षं भाडेकऱ्यासारखी राहिली. मला वाटतं, आपल्याकडे सजावट फक्त पाहुण्यांसाठी आणि देवासाठी होते याचं एक मूळ इथे आहे. स्वतःसाठी घर सजवणं म्हणजे मागचं घर सोडल्याची कबुली देण्यासारखं होतं. आमच्या पिढीला ते घर आठवत नाही आणि मुलांना तर ते फक्त ऐकून माहीत आहे. त्यांचं घर हेच. म्हणून मी जानेवारीचा आग्रह धरतो. जेव्हा कुणीच यायचं नसतं, तेव्हा केलेलं काम घरातल्यांसाठी असतं.

त्या चौकटीवर बाबांच्या काळातच कुणीतरी चॉकलेटी तैलरंग फासला होता. गेल्या वर्षी आम्ही तो ओला करून खरवडला आणि खाली सागवान जसंच्या तसं होतं. त्याला जवसाचं तेल पातळ हातानं दोनदा लावलं. एवढंच. जवसाच्या तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून, उन्हात वाळवून मग टाका. वडील रोज संध्याकाळी त्या दाराशी बसतात आणि चौकटीवरून हात फिरवतात. बोलत काही नाहीत.

पुढचं भराभर सांगतो, चहा आलेला दिसतोय.

पडदे. शो-केसच्या दुकानातून पडद्याचं कापड आणण्याआधी कपाट उघडा. आईची, आजीची इरकल, नेसायला विरलेली पण काठ शाबूत असलेली, खिडकीला उत्तम लागते. काठ खाली घ्या, म्हणजे वजनानं पडदा नीट पडतो. जुन्या खणांच्या चोळ्यांचे तुकडे उशीच्या अभ्र्यावर मधोमध शिवा.

गोधड्यांचं तर विचारूच नका. आपल्या जोयडा, हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची. कडेपासून सुरुवात करून टाके मध्याकडे नेतात आणि चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घडीची फुलं लावतात. त्या फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. परदेशातल्या संग्रहालयांत आज ती लोक भिंतीवर टांगलेली बघतात. आपण बाजारातून गुळगुळीत ब्लँकेट आणतो. ज्यांना शिवायला वेळ आहे त्यांनी शिवावी, ज्यांना नाही त्यांनी शिवणाऱ्या बाईला तिच्या कष्टाचे पूर्ण पैसे देऊन घ्यावी. घासाघीस नको. पलंगावर एक घातली की खोलीत दुसरं काही लागत नाही.

उजेड. आपल्याकडे कौलारू घरं अजून बरीच आहेत. मंगळुरी कौलं १८६५ साली बासेल मिशनच्या कारखान्यापासून सुरू झाली. तेव्हापासून त्यांचा आकार ठरलेला, म्हणून त्याच मापाचं काचेचं कौल मिळतं. माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यावरचं एक कौल काढून काचेचं बसवा. दिवसा दिवा लावावा लागत नाही. दिव्याबद्दल इतकंच की एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० चा दिवा निळसर पांढरा, तो स्वयंपाकघरात ठीक. बसायच्या खोलीत २७०० किंवा ३००० चा पिवळसर घ्या. चुन्याच्या भिंतीवर तो उजेड असा पडतो की नवा रंग काढला का म्हणून लोक विचारतात. ज्या धरणापायी आपण उठलो त्याच्याच पाण्यावर वीज तयार होते, तेव्हा निदान दिवा तरी आपल्या मनासारखा असावा.

बांबू. परसातला बांबू कापून पडवीला तट्टी, कपडे टांगायची काठी, कुंड्यांचा मांडा, काहीही होतं. थंडीत तोडा आणि वाहत्या किंवा साठलेल्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवा, म्हणजे त्यातला पिष्ट भाग निघून जातो आणि भुंगा लागत नाही. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला आहे. पण जंगलातला नाही. आपण काळी व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी राहतो आणि मी सरकारी नोकर आहे, तेव्हा ‘रात्री जाऊन दोन काठ्या आणू’ असं म्हणणाऱ्यांनी ते माझ्यासमोर म्हणू नये.

आणि सगळ्यात स्वस्त काम म्हणजे काढून टाकणं. टीव्हीवरचे प्लास्टिकचे फुलांचे गुच्छ, बंद पडलेलं घड्याळ, चार वर्षांपूर्वीच्या बारशाची फ्रेम केलेली पत्रिका. आमच्या शो-केसमधून आम्ही सतरा कप काढले, त्यातल्या एकातही कुणी कधी चहा प्यालं नव्हतं. आता तिथे मुलाची पुस्तकं आहेत.

चुनकळी विझवायचं काम एकट्यानं करायला पुष्कळांना भीती वाटते, ते बरोबरच आहे. येत्या रविवारी सकाळी मंडळाच्या मागच्या अंगणात मी एक पिंप विझवून दाखवणार आहे. ज्यांना घरी न्यायचा आहे त्यांनी सोमवारी गाळायला आपलं झाकणाचं भांडं घेऊन यावं. डिंक मंडळाकडून, नीळ आपापली.

ता. क. हे छापून तुमच्या हातात येईल तेव्हा चवथ असेल आणि पाऊसही असेल. आत्ता ब्रश उचलू नका. एक पेन्सिल घ्या आणि भिंतीवर जिथपर्यंत ओल चढली आहे तिथे रेघ मारून तारीख लिहा. देवघरामागची भिंत, मोरीचा कोपरा, खिडक्यांच्या खाली, सगळीकडे. जानेवारीत भिंत कोरडी दिसेल तेव्हा या रेघाच सांगतील की आधी कुठे दुरुस्ती करायची.